‘झिरो बघा’ झालं, आता पुढचं बघू!

शनिवारची सकाळ. साडेदहाला अलिबागला प्रॅक्टिकल. रेवदंड्याहून निघाले तेव्हाच स्कूटीचा काटा लाल रेषेला टेकलेला. पुढे पंप लागेल तिथे टाकू म्हटलं. पंप लागला, पण शनिवार असल्यामुळे तिथे आधीच मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग. काशीदला निघालेली माणसं गाडीतून उतरून सेल्फी काढत होती आणि आम्ही एमएच ०६ वाले घड्याळ बघत होतो.

नंबर आला. शंभरचं टाका म्हटलं. ‘‘ताई, झिरो बघा.’’ झिरो बघितला. शंभरचं पडलं. मी मोबाइल काढला तर पंपावरचा दादा म्हणाला, ‘‘ऑनलाइन दोनशेच्या वर घेतो.’’

‘‘आधी सांगायचं ना दादा!’’

‘‘बोर्ड लावलाय.’’

बोर्ड खरंच होता. हवेच्या मशीनच्या मागे, पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलेला. कार्ड चालेल का विचारलं, तर मशीन चार्जिंगला. पर्समध्ये रोख साठ रुपये. आणखी शंभरचं टाकून दोनशे पूर्ण करावेत, तर खात्यात एकशे सत्तर. मागून हॉर्न सुरू. शेवटी शेजारच्या रिक्षावाल्या काकांनी चाळीस रुपये रोख दिले आणि मी ते त्यांना तिथल्या तिथे मोबाइलवरून पाठवले. दोन सेकंदांत ‘टिंग’ वाजलं. जे चाळीस रुपये काकांना ऑनलाइन चालले, ते पंपाला का चालले नाहीत, हा प्रश्न मला प्रॅक्टिकलभर छळत होता.

हा सीन तुमच्याबरोबरही झाला असणार. पोयनाडला, वडखळ नाक्यावर, रोह्याला, नाहीतर मुरूडला. आपण काय करतो? कट्ट्यावर येऊन ‘सगळे लुटतात यार’ म्हणतो, स्टोरी टाकतो आणि सोमवारी त्याच पंपावर शंभरचं टाकतो. माझं म्हणणं एवढंच आहे की ‘सगळे लुटतात’ ही तक्रार नाही, तो नुसता सुस्कारा आहे. तक्रार करायची तर कोणाची, कशाबद्दल आणि कुठे, हे माहीत पाहिजे. म्हणून थोडा अभ्यास केला. परीक्षेला येणार नाही, पण दर आठवड्याला उपयोगी पडेल.

भाव कोण ठरवतं?

पहिली गोष्ट. पंपवाला भाव ठरवत नाही. बोर्डावरचा आकडा तेल कंपनीकडून येतो. पेट्रोलचे दर सरकारने जून २०१० मध्ये नियंत्रणमुक्त केले आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये. १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी सहा वाजता नवा दर, अशी पद्धत आली. म्हणजे कागदावर बघितलं तर जगाच्या बाजारात कच्चं तेल स्वस्त झालं की आपल्याकडेही रोज थोडं थोडं स्वस्त व्हायला पाहिजे.

प्रत्यक्षात काय झालं? नोव्हेंबर २०२१ पासून २२ मार्च २०२२ पर्यंत तब्बल १३७ दिवस दर जागचे हलले नाहीत. मधल्या काळात उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका झाल्या. त्या संपल्या आणि पुढच्या सोळा दिवसांत चौदा वेळा वाढ होऊन लिटरमागे दहा रुपये चढले. मग मे २०२२ मध्ये केंद्राने आणि जुलै २०२२ मध्ये राज्याने कर कमी केला. त्यानंतर दर पुन्हा गोठले, ते थेट १५ मार्च २०२४ ला दोन रुपयांनी उतरले. पुढे लोकसभेची निवडणूक होती. रोज बदलणारा दर दीड-पावणेदोन वर्षं बदलत नाही आणि बदलतो तेव्हा निवडणुकीचं कॅलेंडर जवळ असतं, यातून काय समजायचं ते तुम्ही समजा. पंपावरच्या दादाशी यावर भांडून मात्र काही मिळणार नाही.

दुसरी गोष्ट, कर. २०२४ च्या मध्याचं गणित घेऊ. मुंबई परिसरात पेट्रोल साधारण १०४ रुपये होतं. त्यात केंद्राचं उत्पादन शुल्क १९ रुपये ९० पैसे. राज्याचा व्हॅट २५ टक्के आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे, म्हणजे मिळून पंचवीसच्या घरात. दोन्ही एकत्र केले तर पंचेचाळीस रुपये कर. गंमत म्हणजे राज्याचा टक्का केंद्राच्या शुल्कासकट झालेल्या किमतीवर लागतो. करावर कर! पेट्रोल जीएसटीत नाही, म्हणून हे जमतं. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने शुल्क आणखी दोन रुपयांनी वाढवलं.

आपल्या किनाऱ्याला तर यातली आणखी एक गंमत माहीत आहे. १ जुलै २०२४ पर्यंत मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत पेट्रोलवर व्हॅट २६ टक्के होता आणि आपल्याकडे २५. खाडी ओलांडली की कर बदलायचा. मग राज्याच्या अर्थसंकल्पात तिकडचा दरही २५ वर आणला गेला आणि त्यांचं पेट्रोल ६५ पैशांनी उतरलं. आपलं आहे तिथेच राहिलं. तरी पंपापंपावर पैशांचा फरक दिसतो, कारण डेपोपासून पंपापर्यंतचं टँकरचं भाडं वेगवेगळं असतं. मुंबई हायचं तेल आणि वायू समुद्राखालच्या पाइपांतून आपल्याच उरणला येतो, त्याच जिल्ह्यातला मुरूडचा पोरगा टँकरच्या भाड्यासकट पेट्रोल भरतो. चालायचंच!

पंपवाल्याच्या खिशात किती?

आता तिसरी गोष्ट. ही ऐकून मला जरा गप्प बसावं लागलं. त्या १०४ रुपयांतले पंपचालकाचे किती? चार रुपयांच्या आसपास. त्यातून कामगारांचे पगार, वीज, उडून जाणारं पेट्रोल, सगळं भागवायचं. क्रेडिट कार्ड स्वाइप केलं आणि बँकेने एक टक्का मागितला, तर तो पंपवाल्याच्या चारातला एक रुपया. म्हणजे कमाईचा पाव हिस्सा.

म्हणूनच जानेवारी २०१७ मध्ये मोठा राडा झाला होता. आपण तेव्हा शाळेत होतो. नोटाबंदीला दोन महिने झाले होते. डिसेंबर २०१६ मध्ये सरकारने जाहीर केलं होतं की, पंपावर डिजिटल पैसे द्या, पाऊण टक्का सूट मिळवा. लोक कार्ड काढायला लागले आणि बँकांनी पंपचालकांना कळवलं की, आता व्यवहारावर एक टक्क्यापर्यंत शुल्क लागेल. पंपचालकांच्या संघटनांनी उत्तर दिलं की, मग आम्ही कार्डच घेणार नाही. सरकार मध्ये पडलं. ग्राहकावरही बोजा नाही आणि पंपावरही नाही, असं सांगितलं गेलं. वाद मिटला. आणि ती पाऊण टक्क्याची सूट? १ ऑक्टोबर २०१९ पासून क्रेडिट कार्डावर ती बंद झाली. सवय लावली आणि सूट काढून घेतली. फुकट डेटाचा किस्सा आठवला ना?

आता तुमच्यापैकी ज्यांना नोकरी लागलीय किंवा घरच्यांचं ॲड-ऑन क्रेडिट कार्ड मिळालंय, त्यांच्यासाठी. इंधनावर बँक साधारण एक टक्का अधिभार लावते. बऱ्याच कार्डांवर तो परत मिळतो, पण बिल साधारण चारशे रुपयांच्या वर असेल तरच. आणि अधिभार परत आला तरी त्यावरचा १८ टक्के जीएसटी परत येत नाही. पाचशेचं भरलं की पाच रुपये अधिभार, नव्वद पैसे कर. पाच परत येतात, नव्वद पैसे जातात. दोनशेचं भरणाऱ्याला तर काहीच परत नाही. टाकी फुल करणाऱ्या गाडीवाल्याला माफी आणि दोनशेवाल्या स्कूटीला दंड! नियम कोणी मुद्दाम आपल्याविरुद्ध लिहिला असेल असं मी म्हणत नाही. पण लिहिताना आपण कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हतो, एवढं नक्की.

मग ‘दोनशेच्या वर’ का?

पण माझा प्रश्न यूपीआयचा होता. तिथे हे कारण चालत नाही. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराला शुल्क शून्य आहे. (क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून पैसे दिले तर गोष्ट वेगळी.) पंपावर कोणी ‘ऑनलाइनला दोन रुपये जास्त’ म्हणालं, तर त्याला आधार नाही. डेबिट कार्डाचं शुल्क ग्राहकाकडून वसूल होऊ देऊ नका, असं रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१७ मध्येच बँकांना बजावलंय.

मग शंभरचं ऑनलाइन का नको? परत येताना त्याच पंपावर थांबले. रांग नव्हती. दादाला विचारलं. तो माझ्यापेक्षा वर्ष-दोन वर्षांनीच मोठा असेल. म्हणाला, ‘‘ताई, गर्दीत लोक दाखवतात, पेमेंट झालं. आवाज येत नाही. नेट नसतं. संध्याकाळी हिशेबात कमी आले की आमच्या पगारातून जातात. शेठनी सांगितलं, छोटे छोटे घेऊच नको.’’

यावर काय बोलणार? शंभर रुपयांचा घोळ त्याच्या पगारातून कापला जातो. माझा शनिवार बिघडला, त्याचा महिना बिघडू शकतो. मालकांच्याही अडचणी आहेत. ऑनलाइन फसवणुकीचा पैसा पंपावर खर्च झाला की पोलिस तपासात पंपाचं खातंच गोठवलं जातं, या तक्रारीवरून मे २०२५ मध्ये विदर्भ आणि नाशिककडच्या पंपचालकांनी १० तारखेपासून डिजिटल पेमेंट न घेण्याचा इशारा दिला होता. तक्रार खोटी नाही.

तरीही माझं मत बदललेलं नाही. अडचण पंपाची असेल, बँकेची असेल, नेटची असेल. ती सोडवायचा सोपा रस्ता म्हणून सगळ्यात लहान गिऱ्हाइकाला बाजूला काढायचं, हे बरोबर नाही. कारण शंभरचं कोण भरतं? विद्यार्थी भरतो. हातावर पोट असणारा भरतो. पहाटे बंदरावरून मासळी घेऊन निघालेली मावशी जिच्या टमटममध्ये बसते, तो टमटमवाला भरतो. शंभरात लिटरसुद्धा येत नाही. माझ्या स्कूटीला ते रेवदंडा-अलिबाग एक दिवस जाऊन-येऊन पुरतं, वर थोडं उरतं. म्हणजे आम्ही रोज पंपावर जातो. सगळ्यात जास्त वेळा येणारं गिऱ्हाईक आम्हीच आणि ‘किमान दोनशे’चा बोर्ड आमच्यासाठीच! आणि तो बोर्डही कुठे, तर हवेच्या मशीनमागे.

मुद्दा इथेच आहे. पेट्रोल ही अशी वस्तू आहे की एकदा टाकीत पडली की परत देता येत नाही. शर्ट आवडला नाही तर काउंटरवर ठेवून निघता येतं. पेट्रोल टाकल्यावर ‘कार्ड चालत नाही’ म्हणणं म्हणजे जेवण झाल्यावर हॉटेलवाल्याने ‘थाळीचे पैसे फक्त सुट्टे’ म्हणण्यासारखं आहे. अट असेल तर ती नोझल टाकीत जाण्याआधी सांगितली पाहिजे.

‘एकशे दहाचं टाका’

आता थोडं आपल्याबद्दलही बोलू. आपण पंपावर हुशारी कुठे दाखवतो? ‘शंभरचं नको, एकशे दहाचं टाका, शंभरला सेटिंग असते.’ हे ज्ञान प्रत्येक ग्रुपवर फिरतं. मशीन मोजतं ते पेट्रोल, रुपये नाही. आतला पल्सर किती इंधन गेलं ते मोजतो आणि त्याला दराने गुणून रुपये दिसतात. मशीनमध्ये कोणी गडबड केली असेल तर ती शंभरलाही लागेल आणि एकशे दहालाही. अशी गडबड होत नाही असं नाही. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यभर पंपांवर छापे घातले, तेव्हा पल्सरमध्ये छेडछाड केल्याची प्रकरणं बाहेर आली होती. पण ती एकशे दहाचं टाकून पकडली गेली नाहीत, मोजून पकडली गेली.

मोजायचा अधिकार तुम्हालाही आहे. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याने शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं. शंका आली तर ‘मापून दाखवा’ म्हणा. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. त्याहून कमी भरलं तर ती तक्रार. भेसळीचा संशय असेल तर फिल्टर पेपर मागा, तो फुकट मिळाला पाहिजे. नोझलचं तोंड पुसून एक थेंब कागदावर टाकायचा. उडून गेल्यावर डाग राहिला तर काहीतरी गडबड आहे. हवा फुकट, प्यायचं पाणी फुकट, स्वच्छतागृह वापरता आलं पाहिजे आणि तक्रार वही मागितली की मिळाली पाहिजे.

आपल्यापैकी किती जणांनी आजवर पावती घेतलीय? मी नव्हती घेतली. पावती नसेल तर ग्राहक आयोगासमोर सांगणार काय? तक्रार वहीत चार ओळी खरडायला पाच मिनिटं लागतात, स्टोरी एडिट करायला पंधरा. स्टोरी चोवीस तासांत उडते, वहीतलं पान तेल कंपनीचा अधिकारी बघतो.

ऑनलाइन पैसे कापले गेले आणि पंपाला मिळालेच नाहीत, तर घाबरून दोनदा पैसे देऊन तसंच निघू नका. व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणे दुकानदाराला केलेल्या अशा फसलेल्या यूपीआय पेमेंटचे पैसे पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर बँकेने दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची. दिवसाला एक शंभरचं पेट्रोल!

याउपर जायचं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, मराठीत बोलता येतं. ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा म्हणतो की तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आपला जिल्हा आयोग तर अलिबागलाच आहे. कॉलेजला रोज येतोच की. ज्या महाराष्ट्रात पन्नास वर्षांपूर्वी, १९७४-७५ च्या महागाईत पुण्या-मुंबईच्या लोकांनी ग्राहक पंचायत उभी केली, तिथल्या आपल्या पिढीने नुसतं ‘चलता है’ म्हणत बसावं, हे काही बरं दिसत नाही.

एक साधी मागणी

मी पेट्रोल स्वस्त करा म्हणत नाही. म्हणजे करा, हरकत नाही! पण ते या पानावरून होणार नाही. तिथे तुमचं मत लागतं, आणि ते द्यायला आपण आता अठराच्या पुढे आहोत. कराबद्दल विचारायचं ते मत मागायला येणाऱ्याला विचारा, पंपावरच्या पोराला नको.

पंपाकडे माझी मागणी एकच आहे. आत शिरतानाच, दराच्या बोर्डाशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहा : काय चालतं, काय चालत नाही, नेट बंद आहे का, मशीन बंद आहे का. आणि ‘ताई, झिरो बघा’च्या आधी एक वाक्य वाढवा, ‘पैसे कसे देणार?’ याला खर्च शून्य. ‘झिरो बघा’ हे वाक्यही कधीतरी गिऱ्हाइकांनी भांडून भांडूनच पंपावाल्यांच्या तोंडात बसवलं असणार. हेही बसेल.

मी माझ्यापुरती सुरुवात केलीय. परवा त्याच पंपावर गेले. गाडी स्टँडला लावली आणि झिरो बघायच्या आधी विचारलं, ‘‘दादा, शंभरचं, ऑनलाइन, चालेल?’’ त्याने मागे केबिनकडे बघितलं, मग हळूच म्हणाला, ‘‘टाका, पण आवाज येईपर्यंत थांबा.’’

थांबले. ‘टिंग’ वाजलं. मग पावती मागितली. पावतीचा रोल संपला होता!

तक्रार वही मागितली. ती मात्र होती. कोरी करकरीत. पहिलं पान माझं आहे. दुसरं तुमच्यासाठी ठेवलंय.